अनुभव धागा : स्केटबोर्ड, चिकाटी आणि ख्रिस्ती विश्वास

आमच्या तरुण संघातील काही मुलेमुली स्केटबोर्ड चालवतात. आपल्या पडण्याउठण्याविषयी ती जे बोलतात, ते इतरांपर्यंत पोहोचावे असे वाटले, म्हणून हा धागा. या फळीवर टिकून राहताना तुमच्या विश्वासाला काय गवसले, ते लिहावे. बोधापेक्षा प्रत्यक्ष घडलेले लिहिलेत तर अधिक बरे.

जालना, अभियांत्रिकीचा विद्यार्थी

हात न लावता फळीसकट हवेत उडी घेण्याला ऑली म्हणतात. ॲलन गेल्फंड या अमेरिकन मुलाने ती १९७० च्या दशकाच्या अखेरीस साधली आणि पुढे रॉडनी मुलेन या स्केटबोर्डपटूने ती सपाट जमिनीवर आणली. मागच्या पायाने फळीची शेपटी जमिनीवर आपटायची, त्याच क्षणी उडी घ्यायची आणि पुढच्या बुटाची बाहेरची कड ग्रिप टेपवरून, म्हणजे फळीवर चिकटवलेल्या खरखरीत पट्टीवरून, घासत वर न्यायची, म्हणजे फळी पायांखाली सपाट होते. माझा बूट करंगळीपाशी फाटून मोजा दिसू लागला, तरी मला ती जमत नव्हती, कारण हवेत जाताच पुढचा पाय आपसूक फळी सोडून जमिनीकडे झेपावत असे. पडण्याआधीच माघारीची सोय तयार असे. त्याच सुमारास वडिलांचे काम सुटले होते. घरच्या प्रार्थनेत माझे ओठ हलत, पण मन वेगळीच तजवीज करत असे. एका संध्याकाळी चर्चच्या आवारातील सिमेंटच्या पट्ट्यावर दोन्ही पाय फळीवरच ठेवून खाली आलो. चारही चाके एकदम वाजली आणि मी उभा होतो. पेत्र तारवातून पाण्यावर उतरतो, तो मत्तयाच्या चौदाव्या अध्यायातील उतारा मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. एक पाय तारवात ठेवून उतरता येत नाही, हे मला त्या दिवशी कळले. वडिलांना काम लागायला पुढे बरेच महिने गेले. त्या महिन्यांत प्रार्थनेला बसलो की माझे मन तिथेच असे.

लातूर, एक आई

मुलगी फळीवर उभी राहिली तेव्हा, “पोरीचा हातपाय मोडला तर लग्नाचं कसं?” असे शेजारणींनी मला विचारले. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानच्या तेरा वर्षांच्या मोमिजी निशियाने स्केटबोर्डमध्ये सुवर्णपदक मिळवले, ते पाहिल्यापासून तिचे ठरले होते. तिला आधी पडायलाच शिकवण्यात आले : गुडघे वाकवायचे, तळहात टेकवायचे नाहीत, खांद्यावरून लोळण घ्यायची. “प्रभू, तिला पडू देऊ नकोस” असे मी मागत असे. आता तिला उठण्याचे बळ मागते. पडलो तरी उठेन, असे मीखा संदेष्टा आपल्या वैऱ्याला बजावतो, ते वचन तिने कागदावर लिहून हेल्मेटच्या आत चिकटवले आहे.

छत्रपती संभाजीनगर, निवृत्त शिक्षक, मंडळीतील वडील

वरील अनुभव वाचून आनंद झाला, तरी एक भेद राखावा असे मला आग्रहाने सांगायचे आहे. ऑली सरावाने कमावता येते. तारण कमावता येत नाही, ते कृपेने मिळते, असे इफिसकरांस पत्र सांगते. प्रयत्न केले की देव पावतो, असा अर्थ मुलांनी काढला तर ज्याला फळी कधीच जमत नाही त्याने काय समजावे? देवाने आपल्याला आधीच स्वीकारले आहे, म्हणून पडण्याची लाज उरत नाही आणि उठणे शक्य होते, हा खरा क्रम आहे. नातवाने मला टोनी हॉक या अमेरिकन स्केटबोर्डपटूची १९९९ सालच्या एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धेतील चित्रफीत दाखवली. अडीच फेऱ्यांची, म्हणजे नऊशे अंशांची गिरकी साधेपर्यंत स्पर्धेची वेळ संपली होती. तरी तो पुन्हापुन्हा रॅम्पवर चढत राहिला आणि त्याचे प्रतिस्पर्धी स्वतःचा खेळ थांबवून त्याला उत्तेजन देत राहिले. मला त्या प्रतिस्पर्ध्यांचे मोल हॉकइतकेच वाटले. इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात धीराने धावण्याआधी आपल्याभोवती असलेल्या साक्षीदारांच्या मेघाचा, म्हणजे मोठ्या समुदायाचा, उल्लेख येतो. एकट्याच्या चिकाटीवर माझा फारसा भरवसा नाही.

नांदेड, बँक कर्मचारी

माझे मनगट मोडले आणि स्केटबोर्ड सुटले ते सुटलेच. आता मी नवख्या मुलींचे हात धरून फळीशेजारी चालते. सोडून दिले म्हणजे धीर संपला, असे मला वाटत नाही.

जालना जिल्ह्यातील एका खेड्यातून, शब्बाथशाळेचा शिक्षक

रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली, त्याच भागात आमचे गाव आहे. इथल्या रस्त्यावर कडक, लहान चाके खड्याला अडतात आणि स्वार पुढे फेकला जातो, म्हणून आम्ही मोठी, मऊ चाके लावली (चाकांच्या कडकपणाच्या मापात ७८ए). बेअरिंगमध्ये धूळ बसते. मुले ती दर शनिवारी खोलून पुसतात. फळी एकच आहे. पडलेल्याला लगेच रांगेच्या शेवटी पाठवायचे नाही, त्याला तिथूनच आणखी एक संधी द्यायची आणि मग फळी पुढच्याकडे, हा नियम मुलांनी स्वतःच केला. तीनदा नाकारणाऱ्या पेत्राला येशूने ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ असे तीनदा विचारले आणि कळप त्याच्याच हाती दिला, हा योहानातील प्रसंग त्यांना शिकवताना मला वेगळे उदाहरण शोधावे लागले नाही. दुसऱ्या फळीसाठी मंडळी पैसे जमवत आहे. ती आल्यावरही नियम हाच ठेवायचा, असे मुलांचे म्हणणे आहे.