अनुभव धागा : "अमक्याचा धाकटा का तू?"

कॉलेजपार्ककर :
१ ऑक्टोबर २०२१, शुक्रवारची रात्र. मेरीलँड विद्यापीठाचं स्टेडियम, समोर आयोवा. अमेरिकन फुटबॉल मला तेव्हा जेमतेम कळायचा. क्वार्टरबॅकने (डाव चालवून चेंडू फेकणाऱ्या खेळाडूने) फेकलेला चेंडू समोरच्या संघाने झेलला की घात, एवढं मात्र कळत होतं. त्या रात्री तो घात पाच वेळा झाला. ५१-१४ असे हरलो. तिसऱ्या वेळी मागच्या रांगेतले एक काका, हातात नाचोजची ताटली, जिवाच्या आकांताने ओरडले, "तुआने हा फेकला नसता!"

मैदानात तुआ नव्हताच. तो मायामीकडून एनएफएल, म्हणजे तिथली व्यावसायिक लीग, खेळत होता. मैदानात होता त्याचा दोन वर्षांनी धाकटा भाऊ ताउलिया तागोवाईलोआ. (नावावरून टॉवेलचे विनोद आमच्या रूमवर करून झालेत, तुम्ही नका करू.)

घर हवाईतलं. उजव्या हाताच्या तुआला वडिलांनी डाव्या हाताने फेकायला शिकवलं, धाकटा उजवाच राहिला. तुआ अलाबामा विद्यापीठात गेला तसं घरदारच तिकडे हललं. जानेवारी २०१८च्या कॉलेज फुटबॉलच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात तुआ उत्तरार्धात उतरला आणि जॉर्जियाच्या तोंडचा घास काढला. २०१९मध्ये धाकटा त्याच विद्यापीठात, त्याच जागेसाठी. वर्षभराने उठून मेरीलँडला आला. नोव्हेंबर २०२३मध्ये रटगर्सविरुद्ध त्याने बिग टेन या विद्यापीठांच्या लीगमधला पासिंग यार्डांचा (चेंडू फेकून कापलेल्या अंतराचा) सर्वकालीन विक्रम मोडला. एकूण ११,२५६. पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये (एनएफएल संघ कॉलेजमधले खेळाडू निवडतात तिथे) त्याला कुणीही घेतलं नाही, कॅनडाच्या लीगमध्ये गेला. विक्रमानंतरच्या सोमवारी मी ऑफिसात कौतुकाने सांगायला गेलो, तर टीममधला एकजण म्हणाला, "हां हां, तुआचा भाऊ ना?"

तुमचे अनुभव लिहा. खेळातले असतील तर उत्तम. आईवडिलांवर राग काढायचा असेल तर वेगळा धागा काढा.

उनाड_पोस्टडॉक :
मी मिसिसिपीत ऑक्सफर्डला होते. पहिल्याच आठवड्यात कॅम्पसवर गाडी पंचविसाच्या वेगाने नेली आणि पोलिसाने थांबवलं. तिथली वेगमर्यादा ताशी १८ मैल! पंधरा नाही, वीस नाही, अठरा. आर्ची मॅनिंग हा तिथला जुना क्वार्टरबॅक, त्याच्या जर्सीचा आकडा १८ म्हणून. तिकीट न देता पोलिसाने मला पाच मिनिटं आर्चीपुराण ऐकवलं.

आता विचार करा, त्याच आर्चीचा धाकटा मुलगा एली १९९९मध्ये त्याच कॉलेजात क्वार्टरबॅक व्हायला येतो. मधला भाऊ पेटन आदल्याच वर्षी ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकाने गेलेला. पोरगं रोज सकाळी वडिलांच्या वेगाने गाडी चालवत लेक्चरला जातंय! पेटनने कॉलेज निवडताना टेनेसी गाठलं, तो सुटला. एलीने १० आकडा घेतला. २००१मध्ये अर्कान्सासविरुद्ध सात जादा डाव खेळून ५८-५६ असा हरला, त्याबद्दल तिथले लोक अजून सुतकात असल्यासारखे बोलतात. पुढे फेब्रुवारी २००७मध्ये पेटनने सुपर बोल (एनएफएलचा अंतिम सामना) जिंकला आणि बरोबर वर्षाने एलीने.

पण मला लागते ती सगळ्यात मोठ्याची, कूपरची गोष्ट. शाळेत पेटन फेकायचा आणि कूपर झेलायचा. मग कूपरला मणक्याचा आजार निघाला नि खेळ बंद. पेटनने एनएफएलमध्ये १८ आकडा घातला तो कूपरची आठवण म्हणून. या धाग्यात मोठी भावंडंही लिहू शकतात ना?

कॉलेजपार्ककर :
लिहू शकतात. लिहाच.

कोपरारक्षक_सांगली :
आमचा दादा कबड्डीत चढाईचा गडी. जत्रेतले सामने असले की माईकवाला त्याच्या नावाने घसा फोडायचा. मी मैदानात आलो की, "आणि हा त्यांचा धाकटा." नाव सांगायची पद्धतच नव्हती.

मी पकडीत तयार झालो त्याचं कारण दादाच. परड्यात तो माझ्यावर चढाईचा सराव करायचा. मी दहा वर्षांचा, तो पंधराचा. कंबर धरायची माझी ताकद नाही, मग घोटा. रोज शंभर वेळा घोटा. गुडघे कायम सोललेले. त्यातनं डावा कोपरा झालो.

पुढे दादा दुसऱ्या संघाकडून खेळायला लागला आणि एका उपांत्य सामन्यात समोर आला. बोनस रेषेवर पाय टाकताना तो उजवा खांदा किंचित पाडतो, हे मला सोडून कुणाला माहीत असणार? धरला घोटा. आडवा झाला. मैदान उसळलं, आणि माईकवाला काय म्हणाला माहितीये? "दादांना धरलं कुणी, तर त्यांच्याच धाकट्यानं!"

रात्री आई दादाच्या पायाला शेक देत होती आणि शिव्या मला.

शिवाजीपार्क_कट्टा :
मुशीर खान. मार्च २०२४, वानखेडे, विदर्भाविरुद्ध रणजीची अंतिम लढत, १३६ धावा. वय १९. रणजी अंतिम सामन्यात शतक ठोकणारा मुंबईचा सर्वात तरुण खेळाडू, आणि ज्याचा विक्रम मोडला तो सचिन स्वतः बघायला आलेला. आमच्या कट्ट्यावर संध्याकाळी : "सर्फराजचा भाऊ भारी खेळला हां."

कॉलेजपार्ककर :
बघा!

डाळखिचडी_टेक्सास :
माझी दोन्ही मुलं इथल्या हायस्कूलमध्ये क्वार्टरबॅक. आमचं आडनाव पाच अक्षरी, कोचला ते जमेना, त्याने थोरल्याचं पहिली चार इंग्रजी अक्षरं ठेवून उरकलं. सरावाच्या हेल्मेटवर कपाळाशी पांढरी चिकटपट्टी असते, तिच्यावर तेच. दोन वर्षांनी धाकटा गेला. पहिल्या दिवशी त्याच्या पट्टीवर तीच चार अक्षरं आणि पुढे २.

शुक्रवारी थोरल्याचा सामना, सगळं गाव हजर. गुरुवारी धाकट्याच्या संघाचा, तिथे आम्ही वीस-पंचवीस पालक आणि एक कुत्रा. धाकटा त्यातही राखीव, सामनाभर बाजूला उभा राहून हातवाऱ्यांनी डाव कळवायचा. मला वाटायचं, बिचारा. एकदा म्हणाला, "आई, मला डाव सांगायलाच आवडतं. तू एवढं तोंड पाडून बसू नको, मला तिथून दिसतं."

हेल्मेट परत करताना त्याने ती पट्टी काढून आणली. फ्रिजवर आहे.

पाटीवरची_ताई :
मोठ्यांनी लिहायचं म्हणता म्हणून लिहिते. मी खो-खोच्या संघाची कर्णधार होते. खांबापाशी सूर मारून गडी टिपायचं काम माझं. बहीण तीन वर्षांनी लहान. सगळे तिला "ताईसारखा सूर मार" म्हणायचे. तिचा सूर माझ्यापेक्षा लांब जायचा. हे सरांच्या आधी मला कळलं होतं.

जिल्हा स्पर्धेच्या आदल्या दिवशी सरांनी विचारलं, खांबाला तिला घेऊन बघायचं का? मी म्हटलं, लहान आहे, घाबरेल. ती घाबरणाऱ्यातली नव्हती. सामना आम्ही एका गुणाने हरलो. ती मैदानाबाहेर बसून माझं पाणी धरून होती.

तिला हे मी अजून सांगितलेलं नाही. ती हा धागा वाचायची नाही. आता पोरांना तीच शिकवते, मैदानातून घरी यायलाच तिला आठ वाजतात.