पायऱ्या फक्त मार्कांसाठी नसतात
गणितात "हुशार पोराला उत्तर थेट येतं, पायऱ्या फक्त मार्कांसाठी" असं कुणी म्हणतं, ते मला पटत नाही. गुणोत्तरापर्यंत ते खपून जातं. गुळाचा 30 किलोचा रवा (ढेप) 1350 रुपयांना, तर 8 किलोचे किती? तोंडी 360. तरी मधली "एका किलोला 45" ही ओळ मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या शिकवणीत पोरांकडून लिहूनच घेतो, कारण अकरावीत डेरिव्हेटिव्हला, म्हणजे बदलाचा दर काढताना, तोच भागाकार परत भेटतो.

क्ष² चं डेरिव्हेटिव्ह व्याख्येवरून काढताना क्ष ह इतका थोडासा वाढवायचा आणि क्ष² मधली वाढ ह नं भागायची: वर 2क्षह + ह² येतं, खाली ह. आधी भागायचं, 2क्ष + ह उरतं, मग ह शून्याकडे न्यायचा: 2क्ष. पायरी गाळून आधीच ह शून्य ठेवला की 0/0, आणि गाडी तिथंच अडकते. ओळी वहीत असल्या तर कुठं चुकलं ते पोराला स्वतःलाच सापडतं.