मदत हवी आहे: ऑक्सिजनच्या रेषेतली दोन शिखरं कशी वाचायची?

नमस्कार मंडळी. मी चोपड्याचा, जळगावला एमएस्सी फिजिक्स करतोय. प्रोजेक्टसाठी टाइप आयबी सुपरनोव्हांचे (हायड्रोजनचं आवरण गमावलेल्या जड ताऱ्यांच्या स्फोटांचे) स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या तरंगलांबीला किती प्रकाश याचे आलेख, उतरवून घेतलेत, स्फोटानंतर 200 दिवसांच्या पुढचे. तोवर बाहेर फेकलेला वायू विरळ होतो, आतला गाभा आरपार दिसतो. स्फोटाचा आकार कळायला हाच काळ खरा.

अडलंय ते इथे. एका स्पेक्ट्रममध्ये ऑक्सिजनच्या रेषेला (त्याच्या ठरावीक तरंगलांबीच्या प्रकाशाला) दोन शिखरं आहेत, मधे खळगा. ऑक्सिजन डोक्यावरच्या चुंबळीसारखा कड्यात पसरला असेल आणि आपण ती बाजूने बघत असू, तर एक कड आपल्याकडे येते, दुसरी लांब जाते; डॉप्लर परिणामाने एकीचा प्रकाश कमी तरंगलांबीकडे सरकतो, दुसरीचा जास्तीकडे. म्हणजे दोन शिखरं यायलाच हवीत. पण ही रेष मुळातच जोडी आहे ना, 6300 आणि 6364 अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक)! प्रिंटवर पट्टी ठेवून मोजलं, माझ्या शिखरांमधलं अंतरही 60 च्या आसपास भरतं.

विरळ वायूत जोडीतल्या रेषांच्या तेजाचं प्रमाण 3:1 हवं, माझी शिखरं जवळपास सारख्या उंचीची. म्हणून मन चुंबळीकडे झुकतं. मॅग्नेशियमची 4571 ची एकटी रेष ताडून बघायची होती (ती जोडी नाही, तिलाही दोन शिखरं असतील तर कारण आकारच), पण तिथे नॉइज फार. स्मूदिंग किती करावं? शिखरांवर गाऊसियन (घंटेच्या आकाराचे वक्र) फिट करताना 3:1 बांधून ठेवू का? कोणी केलं असेल तर सांगा, सोमवारी सरांना दाखवायचंय.