बीबीचे फोटो: चाकांकडे बघा

अमेरिकी रेल्वे-लेखक आणि छायाचित्रकार लुशियस बीबीच्या (१९०२–१९६६) पुस्तकांतले वाफेच्या इंजिनांचे फोटो एकसुरी आहेत, असं काही जण म्हणतात. कोन ठरलेला आहे हे खरं: तिरकं समोरून, मागे निमुळती होत गेलेली गाडी, वर धूर. पण चाकांकडे नीट बघा. चाकं जोडणारे दांडे तळाला असताना फोटो टिपायचा, असा तेव्हाच्या रेल्वे-छायाचित्रणातला दंडक होता. दांडे मध्यावर असले की चाकांचे मधले भाग झाकले जातात. सहा फूट व्यासाच्या चाकाचं इंजिन ताशी ६० मैलांनी आलं, तर चाक सेकंदाला साडेचारहून जास्त फेरे घेतं आणि १/१००० सेकंदातही गाडी इंचभर सरकते. हे साधणं सोपं नाही हो!

इतिहासासाठी मात्र बीबीचं १९४७चं 'मिक्स्ड ट्रेन डेली' हे पुस्तक आधी वाचा. मालडब्यांच्या शेवटी एखादा प्रवासी डबा जोडून धावणाऱ्या अमेरिकेतल्या छोट्या कंपन्यांच्या गाड्या त्यात आहेत, चार्ल्स क्लेगच्या फोटोंसह. भाषा फार नटवी आहे, म्हणून तारखा आणि इंजिनांचे क्रमांक त्या त्या कंपनीच्या नोंदींशी ताडूनच वापरा.