ठकीचे दात काढायला सांगितलेत, वय 9 आहे, भूल झेपेल का?

ठकीची_आई

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. आमची ठकी म्हणजे मांजर, गावठी, तिरंगी, 9 वर्षांची, पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालेलं आहे, आम्ही नाशिकला असतो. दिवाळीनंतर तिच्या तोंडाला घाण वास यायला लागला, आधी वाटलं कुठून तरी सडकं मासळीचं डोकं खाऊन आली असेल, पण मग लाळ गळायला लागली आणि सारखं पंजाने तोंड पुसून पुसून पुढच्या पायांचे पांढरे केस तपकिरी, चिकट झाले. अंगाला चाटणं पण बंद, पाठीवर गुठळ्या झाल्यात केसांच्या.

खाण्याचं तर विचारू नका. भूक आहे हो तिला, फ्रिज उघडला की पायात घोटाळते, वाटी ठेवली की पळत येते, एक घास घेते आणि एकदम किंचाळून मागे उडी, वर वाटीवरच फिस्कारते, जसं काही वाटीच चावली तिला. मग सोफ्याखाली. सुकं खाणं तर कधीच सोडलंय, वजन 3.8 वरून 3.1 वर आलंय.

डॉक्टरांनी आधी अँटिबायोटिक आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, तेव्हा एकदम छान झाली, तीनेक आठवडे मस्त खाल्लं, मग परत तेच. दुसऱ्या इंजेक्शनचा असर आठवडाभर पण टिकला नाही. आता ते म्हणतात की हिरड्यांपासून पार घशाच्या तोंडापर्यंत लालभडक आहे, सुळ्यांच्या मागचे सगळे दात काढावे लागतील. घरात दोन पार्ट्या पडल्यात, सासूबाई म्हणतात मांजराचे दात कधी कुणी काढलेले ऐकलेत का, आणि नवरा म्हणतो या वयात भूल देऊन टेबलावरच गेली तर. मला रात्री झोप नाही. खरंच दात काढणं हाच उपाय आहे का? आणि मग ती खाणार कशी??

गच्चीवरचा_बोका

ताई आमच्या बोक्याचं सेम टू सेम, ते किंचाळून मागे उडी मारणं वाचलं आणि सगळं आठवलं. त्याचे आधी मागचे काढले, फरक पडला पण पूर्ण नाही, मग सुळ्यांसकट सगळे काढले. आज तोंडात एक दात नाही आणि पठ्ठ्या सुकं खाणं सुद्धा खातो, मांजरं तसंही दाणे चावत कमी आणि गिळत जास्त असतात. पालीला पकडतो आणि नुसता चोळामोळा करून सोडून देतो, पालीची मजा.

एक मात्र सांगतो, दात काढले की दुसऱ्या दिवशी जादू होईल असं डोक्यात ठेवू नका. पहिले दोन आठवडे पातळ खाणं, गोळ्या, गळ्यात ते प्लास्टिकचं भोंगं, आणि तोंडाची लाली पूर्ण जायला आमच्याकडे काही महिने लागले. पण दुखणं कमी झालंय हे लगेच कळलं कारण चौथ्या-पाचव्या दिवशी स्वतःचं अंग चाटायला लागला.

कोकणी_काकू

अगं बाय माझे, एवढ्या जिवाला कशाला कापाकापी. आमच्याकडे रत्नागिरीला दारात कायम चार-पाच मांजरं, कुणाचे दात काढले नाहीत कधी. हळद आणि लवंगेचं तेल लाव हिरडीवर, फारच कळा असतील तर क्रोसिनचा पाव तुकडा दुधातून दे, माणसाला चालतं ते जनावराला पण चालतं. आणि सुकट बंद कर, खारट लागतं जखमेला.

भूभू_म्याऊ_डॉक्टर

काकू राग मानू नका, पण क्रोसिन अजिबात नको, पाव सुद्धा नको. कोणीही हा धागा वाचून देऊ नका प्लीज. क्रोसिनमधलं पॅरासिटामॉल पचवायला लागणारी यंत्रणा मांजराच्या लिव्हरमध्ये जवळपास नसतेच, रक्त ऑक्सिजन वाहायचं बंद करतं, हिरड्या राखाडी पडतात, तोंड सुजतं आणि मांजर जातं. एका गोळीत गेलेली मांजरं मी पाहिलीत. लवंगेचं तेल पण त्यांना विषारीच. माणसांची टूथपेस्ट पण नको. सुकटीचं मात्र काकूंचं बरोबर आहे.

आता ठकीबद्दल. मी छोट्या जनावरांची प्रॅक्टिस करतो, तोंड न बघता निदान करत नाही, पण वर्णनावरून तुमचे डॉक्टर उगाच काही सांगत नाहीयेत. लाली फक्त दाताच्या कडेला असेल तर ती साधी हिरड्यांची सूज, स्केलिंगने, म्हणजे दात खरवडून साफ करून, भागतं. पण ती मागे, जबडा उघडल्यावर दोन्ही बाजूंना जो कोपरा दिसतो तिथे गेली असेल तर तो स्टोमॅटायटिस. यात शरीराची प्रतिकारशक्तीच दातावरच्या थरावर तुटून पडते असं मानतात, कॅलिसी व्हायरस पण बऱ्याच केसेसमध्ये सापडतो. दात आहे तोवर थर परत परत जमणार, म्हणून दातच काढायचे, असं ते गणित आहे. साधारण तीनातली दोन मांजरं पूर्ण बरी होतात किंवा खूप सुधारतात, उरलेल्यांना नंतरही औषधं लागतात. हे आधीच सांगितलेलं बरं.

स्टेरॉइडची इंजेक्शनं मारत राहणं हा मार्ग नाही. असर दर वेळी कमी होत जातो, ते तुम्ही बघितलंच, आणि वारंवार दिलं की मांजराला डायबेटिस व्हायची भीती.

दुसरी शक्यता, किंवा जोडीला असलेली, म्हणजे दात विरघळणं. मांजरांमध्ये हे फार कॉमन आहे, विशेषतः खालच्या जबड्यात सुळ्यामागच्या पहिल्या दाढेत. वरून बघितलं तर हिरडी दातावर चढल्यासारखी दिसते, बस, बाकी भानगड खाली. म्हणून दातांचा एक्स-रे मागा, साधा डोक्याचा नाही, तोंडात प्लेट ठेवून काढतात तो. काढल्यानंतर पण एकदा काढायला सांगा, कारण मुळाचा तुकडा आत राहिला तर सगळी मेहनत पाण्यात. आणि एकाच बाजूला गाठ किंवा जबडा सुजलेला असेल तर आधी तिथला तुकडा तपासायला पाठवायचा, या वयात कॅन्सर पण डोक्यात ठेवावा लागतो.

भूलेचं: 9 हे वय आहे, आजार नाही. आधी रक्त तपासा, किडनी-लिव्हर-साखर, एफआयव्ही आणि ल्युकेमिया या मांजरांच्या दोन व्हायरसची टेस्ट, हृदय नीट ऐकायला सांगा. मग तीन गोष्टी विचारा: घशात नळी घालून गॅसवर ठेवणार का, सलाईन चालू असेल का, आणि ऑपरेशनभर भूलेकडे बघायला वेगळा माणूस असेल का. तिन्हीला हो आलं तर मी माझं मांजर सुद्धा देईन. भूल न देता स्केलिंग करतो म्हणणारे असतात, त्यांच्याकडे जाऊ नका, वरून चकचकीत करतात आणि हिरडीच्या आतलं तसंच राहतं.

कोकणी_काकू

बरं झालं सांगितलंत डॉक्टर, क्रोसिनचं मला ठाऊक नव्हतं. पण दारातल्या मांजरांना कोण नेणार एक्स-रे काढायला, ती आपली मरतात कुठेतरी कोपऱ्यात आणि आपण म्हणतो वय झालं.

ठकीची_आई

डॉक्टर किती आभार मानू. नवऱ्याला तुमचं सगळं वाचून दाखवलं, तो भूलेच्या तीन प्रश्नांवर गप्प झाला, म्हणजे अर्धी पार्टी फुटली. फोन करून विचारलं, गॅस आणि सलाईन आहे पण दातांचा एक्स-रे त्यांच्याकडे नाही. ते स्वतःच म्हणाले की पुण्याला किंवा मुंबईला जिथे मशीन आहे तिथे न्या, चिठ्ठी देतो. आता कसारा घाट उतरायचा तिला घेऊन, ती दवाखान्याच्या पाच मिनिटांत रिक्षा डोक्यावर घेते! आणि ऑपरेशन पुढच्या आठवड्याच्या आत होईलसं वाटत नाही, तोवर खायला काय देऊ? कालपासून फक्त थोडं सूप चाटलंय.

भूभू_म्याऊ_डॉक्टर

सूपवर आठवडा काढू नका. मांजर दोन-तीन दिवस धड जेवलं नाही तर अंगातली चरबी लिव्हरमध्ये साचायला लागते आणि मग दात राहिले बाजूला, लिव्हरच सांभाळत बसावं लागतं. उद्या तुमच्याच डॉक्टरांकडे नेऊन आधी दुखण्याचं औषध सुरू करा, मांजरांना चालणारी वेदनाशामकं आहेत, डोस वजनावर ठरतो, घरातलं काही नको. दुखणं कमी झालं की खाईल. तरी नाही खाल्लं तर नाकातून बारीक नळी घालून भरवता येतं, ऐकायला भयंकर आहे पण मांजरं सहन करतात. प्रवासाच्या आधी द्यायची शांत राहायची गोळी पण त्यांनाच मागा.

गच्चीवरचा_बोका

खाण्याचं मी सांगतो. चिकन बिनमिठाचं, बिनहळदीचं उकडून मिक्सरला अगदी दह्यासारखं फिरवायचं, कांदा-लसूण चुकून पण नाही. कोमट द्यायचं, फ्रिजमधलं गार दिलं तर वासच येत नाही त्यांना. वाटीत नको, पसरट ताटलीत द्या, वाटीच्या कडेला मिशा आणि जबडा लागतो, आमचा बोका ताटलीतून खायचा आणि वाटीला घाबरायचा. पाणी घालून पातळ केलं तरी चालेल.

आणि खर्चाचा अंदाज आधीच लेखी मागा, काही ठिकाणी दातामागे लावतात, काही ठिकाणी एकरकमी, एक्स-रे आणि रक्त तपासणी त्यात धरलीये का तेही विचारा. मांजराला 30 दात असतात, दातामागे हिशोब लावला तर डोळे पांढरे होतात.

ठकीची_आई

चिकन आत्ताच शिजवलं, ताटलीत दिलं, दोन चमचे खाल्लं, किंचाळली नाही पण मान वाकडी करून एकाच बाजूने खात होती. उद्या सकाळी नऊला दुखण्याच्या औषधासाठी नेतेय. सासूबाईंनी स्वतः चिकन मिक्सरला लावून दिलं, मंगळवार असून!! ऑपरेशनच्या आदल्या रात्री उपाशी ठेवायचं का?

भूभू_म्याऊ_डॉक्टर

खाणं किती तास आधी बंद करायचं ते भूल देणारे सांगतील तेच पाळा, आणि ठकी मुळात अशक्त आहे हे त्यांना आठवण करून द्या, म्हणजे ते उगाच जास्त वेळ उपाशी ठेवणार नाहीत. पाणी मात्र शक्यतो काढून घेऊ नका. एक्स-रे झाला की काय निघालं ते इथे टाका.