अमिओडारोन चालू झाल्यापासून हात थरथरतात, ऊन सोसत नाही, चार दिवस बंद करून बघू का?

पर्वतीवाली:
नमस्कार मंडळी. मी ६१ वर्षांची, सहकारनगरला राहते. फेब्रुवारीत एक दिवस पहाटे छातीत कबुतर फडफडल्यासारखं व्हायला लागलं, ईसीजी काढला तर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडणं, निघालं. तीन दिवस ॲडमिट होते, सलाईनमधून अमिओडारोन दिलं आणि ठोके लायनीवर आले. घरी आल्यावर तीच गोळी २०० ची, आधी दिवसातून तीनदा, मग दोनदा, आता एकदा. शिवाय ठोके हळू ठेवायला मेटोप्रोलॉल २५ सकाळ-संध्याकाळ, रक्त पातळ करायला एपिक्साबॅन, आणि पोटात मळमळतं म्हणून ॲसिडिटीची गोळी मी घरात होती तीच घेते.

आता त्रास सांगते. पाडव्याला दारात रांगोळी काढायला बसले तर सरळ रेघ येईना, नागमोडीच जाते, चिमूट धरली की बोटं थरथरतात. परवा लक्ष्मी रोडला भर दुपारी दहा मिनिटं चालले असेन, तेवढ्यात नाक आणि हाताची पाठ अशी चरचरायला लागली जशी मिरच्या वाटल्यावर होते, दोन दिवस लाल होतं. आणि थकवा, पर्वतीच्या १०३ पायऱ्या मी वर्षानुवर्षं न थांबता चढायचे, आता तीनदा बसते. आमचे हे म्हणतात वय झालं की होतंच, स्वतः ६६ चे आहेत आणि माझ्या आधी वर पोचतात, तेव्हा वय कुठे जातं कोण जाणे.

डॉक्टर चांगले आहेत पण बाहेर वीस जण बसलेले, काय बोलायचं ते आत गेलं की आठवत नाही. म्हणून मनात आलं की चार दिवस गोळी बंद करून बघावं, फरक पडला तर हिच्यामुळेच. शेजारच्या काकू म्हणाल्या त्या गोळीत आयोडीन असतं म्हणून आयोडीनचं मीठ सोडा, तर सैंधव आणलंय. कोणाला अनुभव?

जुना_हार्ट_पेशंट:
ताई, आधी हात जोडून सांगतो बंद करू नका, मी हा शहाणपणा करून बसलोय. ही गोळी अंगात चरबीत मुरून बसते, बंद केल्यावरही आठवडे काय महिनेन् महिने शरीरात राहते, चार दिवसांत तुम्हाला काही म्हणजे काही कळणार नाही. मी वैतागून आठ दिवस सगळ्याच गोळ्या ठेवून दिल्या होत्या. झालं काय, अमिओडारोन होतं तिथेच राहिलं आणि मेटोप्रोलॉल तेवढं निघून गेलं, ते अचानक सोडलं की हृदय उसळी मारतं, रात्री दोन वाजता ठोके १४०, मुलगा लुंगीवरच मला घेऊन कॅज्युअल्टीत. बायको अजून तो विषय काढते. आणि रक्त पातळ करायची तर एक दिवसही चुकवू नका, तिचा असर दिवसाभरात उतरतो आणि गुठळी काही तुमच्या प्रयोगाला थांबत नाही.

उन्हाचं म्हणाल तर ते या गोळीचंच आहे, ठरलेलं. पुण्याच्या बायका स्कूटीवर स्कार्फ, सनकोट, हातमोजे असा डाकूसारखा बंदोबस्त करतात त्याला मी जन्मभर हसलो, आता मी स्वतः तसाच फिरतो. गाडीत काच लावून बसलात तरी चटका बसतो, काचेतून ते किरण येतात. साधं सनस्क्रीन मला पुरलं नाही, झिंक ऑक्साइडवालं लागलं. रात्री कर्वे रोडला समोरून येणाऱ्या दिव्यांभोवती निळसर वलयं दिसायची, तेव्हा वाटलं आता डोळे पण गेले. डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं बुबुळावर बारीक साका बसतो, ही गोळी घेणाऱ्या बहुतेकांना होतो आणि नजर सहसा बिघडवत नाही. पण एकदम अंधुक दिसायला लागलं तर थांबू नका, ते प्रकरण वेगळं.

पेठेतला_फार्मासिस्ट:
काउंटरच्या अलीकडून बोलतो, डॉक्टर नाही.

पहिलं, घरातली ॲसिडिटीची गोळी कुठली ते पाकीट उलटं करून वाचा. नावापुढे डी किंवा डीएसआर असेल तर बहुतेक वेळा त्यात डॉम्पेरिडोन हे मळमळीचं औषध असतं. ते आणि अमिओडारोन दोन्ही ईसीजीतला क्यूटी, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पूर्ववत व्हायला लागणारा वेळ, लांबवतात, एकत्र नको म्हणूनच सांगितलेलं आहे. आजच डॉक्टरांना फोन करा, साधी बदलून देतील. तोच प्रकार ॲझिथ्रोमायसिन आणि लिव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा, पाऊस सुरू झाला की लोक दुकानात येऊन घसा दुखतोय ॲझिथ्रो द्या म्हणतात, हृदयाची गोळी चालू आहे हे सांगतच नाहीत, मी विचारलं की चिडतात.

दुसरं, मिठाचं. हिशोब करून बघा. माणसाला दिवसाला आयोडीन लागतं साधारण १५० मायक्रोग्रॅम. अमिओडारोनच्या २०० च्या एका गोळीत आयोडीन असतं साधारण ७५ मिलीग्रॅम, म्हणजे पाचशे दिवसांचं. सगळं सुटं होत नाही, पण जेवढं होतं तेवढंसुद्धा गरजेच्या कितीतरी पट आहे. आमटीतल्या मिठाने यात काय फरक पडणार? सैंधव परत करा नाहीतर चाटमध्ये वापरा.

या आयोडीनपायीच थायरॉइड बिघडतं, कोणाचं मंद होतं, कोणाचं भरधाव. तुमचा थकवा वयाचा, मेटोप्रोलॉलचा की थायरॉइडचा हे पायऱ्या मोजून कळत नाही, टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी केली की कळतं. थरथर नुसत्या गोळीने पण होते आणि थायरॉइड भरधाव झालं तरी होते. गोळी चालू करताना टीएसएच, लिव्हरची तपासणी आणि छातीचा एक्सरे करतात आणि रक्ताच्या दोन्ही तपासण्या दर सहा महिन्यांनी. डिस्चार्ज कार्ड काढून बघा झाल्यात का. आणि अमिओडारोन जेवणाबरोबर घ्या, मळमळ कमी होते, फक्त रोज एकाच पद्धतीने घ्या. ग्रेपफ्रूट बंद, त्याचं भावंडं पपनसही टाळलेलं बरं, गणपतीत आलं तर बाप्पालाच राहू द्या.

वाकडला_राहतो:
माझी आई दीड वर्षं या गोळीवर होती. एकच सांगायचंय, कोरडा खोकला. आमच्या भागात सतत बांधकाम, आम्ही महिनाभर धुळीचा खोकला समजून काढे देत बसलो, मग जिन्यात धाप लागायला लागली. एक्सरे, सीटी केल्यावर फुफ्फुसाला या गोळीने सूज आलीय हे निघालं, गोळी बंद केली, स्टेरॉइड दिली, सावरली पण वेळ लागला. सगळ्यांना होत नाही, पण खोकला आणि दम आला तर कफ सिरप नाही, त्याच आठवड्यात डॉक्टर.

केबिनमध्ये आठवत नाही त्यावर, आम्ही फ्रिजवर कॅलेंडर लावलंय दूधवाल्याच्या हिशोबाचं असतं तसं, त्यातच लिहितो. सकाळी पूर्ण एक मिनिट मनगटावर बोट ठेवून मोजलेली नाडी, काय झालं, किती वाजता. घड्याळाच्या आकड्यावर जाऊ नका, ठोके वेडेवाकडे असले की ते गडबडतं. अमिओडारोन आणि मेटोप्रोलॉल एकत्र असल्या की नाडी फार खाली जाऊ शकते, आईची ४४ झाली होती तेव्हा मेटोप्रोलॉल अर्धी केली. अंधारी आली, भोवळ आली तर लगेच जायचं, अपॉइंटमेंटची वाट नाही बघायची.

पर्वतीवाली:
तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. पाकिटावर डी होतं. डॉक्टरांनी ती काढून साधी पॅन्टोप्रॅझोल दिली. टीएसएच २२ आली, म्हणजे थायरॉइड मंद. हॉस्पिटलच्या कार्डावर आधीची टीएसएच कुठेच नव्हती, त्यामुळे आधीपासून होतं का आत्ता झालं ते कोणी सांगू शकत नाही. अमिओडारोन बंद नाही केलं, थायरॉक्सिन २५ सकाळी उपाशीपोटी जोडली आणि अमिओडारोन १०० वर आणून शनिवार-रविवार सुट्टी दिलीये. ॲब्लेशनचं, म्हणजे नळी घालून हृदयातली बिघडलेली जागा जाळण्याचं, पण बोलले, मी म्हटलं आधी ही परीक्षा तर पास होऊ दे. हात अजून थरथरतो, चहाचा कप मी पाऊणच भरते. परवा पर्वतीला दोनदा बसले, तीनदा नाही. हे वर पोचून वाट बघत होते, वयाबद्दल काही बोलले नाहीत.

झिंकवालं क्रीम लावलं की मात्र नाटकातलं भूत दिसते, नातू ओरडतोच. त्यावर काही आहे का?

पेठेतला_फार्मासिस्ट:
टिंटेड मिळतं, त्वचेच्या रंगाचं. मागताना झिंक आणि आयर्न ऑक्साइड दोन्ही आहेत का बघून घ्या, दिसतंही बरं आणि उजेडही जास्त अडवतं.