खासगी विद्यापीठातून बी.कॉम. अकाउंटिंग: प्रवेशाआधी काय तपासू?

प्रश्न (म्हापसा): बारावी कॉमर्स झाली, पुढे सीए करायचंय. काय बघू?

उत्तर १: यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) यादीत विद्यापीठाचं नाव शोधा. खासगी विद्यापीठाला कॉलेजं संलग्न करता येत नाहीत, त्यामुळे पणजीतलं कुठलं कॉलेज आपण अशा विद्यापीठाशी संलग्न आहोत असं सांगत असेल तर फी भरू नका.

उत्तर २: कॉमर्स पदवीला किमान ५५ टक्के असले तर सीएची फाउंडेशन (पहिली परीक्षा) न देता थेट इंटरमीडिएट (दुसरा टप्पा). निकाल सीजीपीएत (श्रेणीगुणांच्या सरासरीत) लागतो, म्हणून त्याचे टक्के करायचं सूत्र आत्ताच लेखी मागा.

उत्तर ३: बँक रिकन्सिलिएशन (आपलं कॅशबुक आणि बँकेचं पासबुक यांच्या शिलकांचा मेळ) पक्कं करा, बाई. कॅशबुकच्या शिलकेपासून निघालात तर दिलेला पण न वटलेला चेक शिलकेत मिळवायचा, भरलेला पण जमा न झालेला वजा. ओव्हरड्राफ्ट (शिल्लक नसून उलट बँकेचं देणं) असला की चिन्हं उलटतात. मुलं नेमकी तिथंच चुकतात.